विझलेल्या नळदिव्याचा इतिहास



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजवंशांच्या वंशावळी उभ्या राहतात. होळकरांच्या या नगरीत तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या वस्तूंच्या उजेडात आपण हा इतिहास वाचला, त्या वस्तूंचाही एक इतिहास असतो आणि तो सहसा अर्धाच सांगितला जातो. दिव्याचा शोध कोणी लावला, हे शालेय पुस्तकात असते. विझलेला दिवा कोठे गेला, हे कोणत्याही पुस्तकात नसते. आज ज्यांच्या स्मृतीस वंदन करण्यासाठी आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले. म्हणून विज्ञान आणि इतिहास यांच्या सीमेवरील एक विषय मी निवडला आहे. आपण ज्याला ट्यूबलाईट म्हणतो, त्या नळदिव्याची निर्मिती, त्याचा प्रसार आणि मुख्यतः त्याची विल्हेवाट, असा हा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण गेल्या दहा वर्षांत या देशातील शाळा, कचेऱ्या, दवाखाने आणि रेल्वे स्थानके यांतून जुन्या नळ्या उतरल्या आणि त्यांच्या जागी एलईडी दिवे आले. उतरलेल्या त्या नळ्या कोठे गेल्या, हा प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. ज्या नळ्या अजून जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत उभ्या करून ठेवलेल्या आहेत, त्यांच्यापुरता तरी हा प्रश्न आपल्या हातात आहे.

पाऱ्याचा प्रकाश

पारा आपल्याला परका नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांत पारदाच्या शोधनाचे आणि संस्कारांचे सविस्तर वर्णन आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ हा त्या परंपरेतील प्रसिद्ध ग्रंथ होय. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ मध्ये पाऱ्याच्या एका नव्या संयुगाचा शोध जाहीर केला आणि पुढे १९०२ पासून हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा या जुन्या विद्येची आणि नव्या प्रयोगशाळेची गाठ एकाच व्यक्तीत पडली. अशोधित पारा हे विष आहे, ही जाणीव आपल्या परंपरेत होतीच. युरोपातही ती होती. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात सोन्याचा मुलामा देणारे कारागीर आणि व्हेनिसचे आरसे घडविणारे कामगार यांना पाऱ्यामुळे जडणाऱ्या व्याधींचे वर्णन आहे. आरशात दुसऱ्यांनी आपले रूप पाहावे म्हणून ज्यांनी त्याला पाऱ्याची पाठ लावली, त्यांचे हात कापू लागत आणि दात पडत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तीच पुन्हा पुन्हा येणार आहे.

पाऱ्यातून प्रकाश निघतो हे प्रथम योगायोगाने दिसले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ पिकार हा १६७५ च्या सुमारास रात्री वायुभारमापक यंत्र घेऊन चालला असता, हेलकाव्याने नळीतील पारा हलला आणि त्यावरच्या पोकळीत मंद उजेड चमकला. इंग्लंडात फ्रान्सिस हॉक्सबी याने १७०५ च्या सुमारास रॉयल सोसायटीसमोर यावर प्रयोग केले. १८५७ मध्ये बॉन येथील काचकारागीर हाइनरिख गाइसलर याने हवा उपसलेल्या नळ्यांत वीज सोडून रंगीत प्रकाश दाखविला. फ्रान्समध्ये एदमों बेकरेल याने अशा नळ्यांत चमकणारे पदार्थ ठेवून पाहिले. आजच्या ट्यूबलाईटची कल्पना त्या प्रयोगांत बीजरूपाने होती. तिला व्यवहारात यायला आणखी पाऊण शतक लागले.

१९०१ मध्ये अमेरिकन संशोधक पीटर कूपर हेविट याने पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे एकस्व घेतले. त्याचा प्रकाश भरपूर होता, पण निळसर हिरवा. त्यात तांबडा रंग जवळपास नव्हताच, त्यामुळे त्या उजेडात जिवंत माणसाचे ओठ प्रेतासारखे दिसत. कारखान्यांनी आणि छायाचित्रकारांनी तो दिवा वापरला, घरांनी तो स्वीकारला नाही. १९२६ मध्ये जर्मनीत एडमुंड गेर्मर, फ्रीड्रिख मायर आणि हान्स स्पानर यांनी नळीच्या आतील बाजूस चमकणाऱ्या भुकटीचा लेप देण्याच्या कल्पनेसह एकस्वासाठी अर्ज केला. १९३४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज इनमन आणि त्याचे सहकारी यांनी वापरण्याजोगी नळी तयार केली. १९३८ मध्ये ती विक्रीस आली आणि १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात लोकांनी ती डोळे भरून पाहिली.

या नळीचे तत्त्व विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नळीतील हवा उपसून तीत थोडा आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू आणि किंचित पारा ठेवतात. दोन्ही टोकांना तारेच्या बारीक वेटोळ्या असतात, त्यांच्यावर इलेक्ट्रॉन सहज सोडणारा लेप असतो. वीज वाहू लागली की इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात आणि ते अणू मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण सोडतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. आतल्या भुकटीवर ते पडले की भुकटी ती ऊर्जा शोषून दृश्य प्रकाश देते. त्याच विजेत साध्या बल्बच्या चौपट-पाचपट उजेड मिळतो तो यामुळे. चोक आणि स्टार्टर यांचे काम होऊन नळी पेटायला काही क्षण लागतात. उशिरा समजणाऱ्या माणसाला आपण ‘ट्यूबलाईट’ म्हणतो आणि त्याला समजले की त्याची ‘ट्यूब पेटली’ असे म्हणतो, ते त्यावरूनच.

नळी विझते ती पारा संपला म्हणून नव्हे. टोकांवरचा तो लेप झिजतो, टोके काळी पडतात आणि नळी लुकलुकू लागते. पारा मात्र सगळाच्या सगळा आत राहतो. वापराच्या काळात त्याचा बराच भाग भुकटीत आणि काचेत मुरतो, थोडा वाफेच्या रूपात असतो. म्हणजे आपल्या दृष्टीने ज्या दिवशी नळी निकामी होते, त्या दिवशीही तिच्यातील विष पहिल्या दिवसाइतकेच असते. विल्हेवाटीचा सारा प्रश्न या एका गोष्टीतून जन्मतो.

बेरिलियमचा धडा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखाने रात्रंदिवस चालू लागले आणि नळदिव्यांची मागणी वाढली. त्या काळच्या नळ्यांच्या भुकटीत बेरिलियम या धातूचे संयुग असे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे नळ्या बनविणाऱ्या कारखान्यातील तरुण कामगार, विशेषतः स्त्रिया, धापेने बेजार होऊ लागल्या. काहींचा मृत्यू झाला. प्रथम हा रोग दुसऱ्याच एका ज्ञात व्याधीचा प्रकार समजला गेला. डॉ. हॅरिएट हार्डी आणि डॉ. आयर्विंग टॅबरशॉ यांनी १९४६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि बेरिलियमचा संपर्क संपल्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही, फुप्फुसांचा हा विकार उद्भवतो असे दाखविले. फुटक्या नळीच्या काचेने जखम झाली आणि तीत ती भुकटी गेली तर जखम लवकर भरत नसे आणि तेथे गाठ धरत असे. विझलेली नळी फोडणे धोक्याचे आहे हे जगाला प्रथम कळले ते असे, आणि त्या वेळी पाऱ्याचे नावही त्यात नव्हते.

१९४९ मध्ये अमेरिकन उत्पादकांनी बेरिलियमची भुकटी बंद केली. ते शक्य झाले, कारण लंडनच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत मॅकीग आणि रॅन्बी यांनी १९४२ मध्ये कॅल्शियम हॅलोफॉस्फेटची निराळी भुकटी शोधली होती. ती स्वस्तही होती आणि अधिक चांगलीही. या प्रकरणाचे दोन अर्थ निघतात. विषारी घटक काढून टाकता येतो, हा एक. पर्याय हाताशी आल्यावरच तो काढला जातो, हा दुसरा. पाऱ्याला मात्र पर्याय नव्हता. त्याच्यावाचून ही नळी पेटतच नाही. म्हणून पाऱ्याचा प्रश्न आणखी अर्धशतक तसाच राहिला.

मिनामाताहून आलेला इशारा

पाऱ्याकडे जगाचे लक्ष वळले ते दिव्यामुळे नव्हे, माशांमुळे. जपानमधील मिनामाता येथील रासायनिक कारखान्याचे सांडपाणी १९३२ पासून समुद्राच्या खाडीत सोडले जात होते. १ मे १९५६ रोजी तेथील अनाकलनीय व्याधीची अधिकृत नोंद झाली. त्यापूर्वीच त्या कोळीवस्तीतील मांजरे झटके येऊन मरू लागली होती. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये.

या कारखान्यातील पारा मुळातच सेंद्रिय रूपात बाहेर पडत होता, म्हणून साधा धातुरूप पारा तितका घातक नाही, असा युक्तिवाद काही काळ करता येत होता. १९६९ मध्ये स्वीडनच्या येन्सेन आणि येर्नलोव या संशोधकांनी तोही आधार काढून घेतला. तळ्याच्या गाळातील सूक्ष्मजीव साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, हे त्यांनी दाखविले. आता कचऱ्याच्या ढिगातून पाण्यात जाणारा कोणताही पारा माशांच्या वाटेने माणसाच्या ताटात येऊ शकतो, हे स्पष्ट झाले. विझलेल्या नळीकडे पाहण्याची दृष्टी येथे बदलली.

चुरायंत्राचा उदय

चार फुटी नळी ही कचरा म्हणून मोठी अडचणीची वस्तू आहे. लांब, ठिसूळ आणि आतून पोकळ, त्यामुळे वजन थोडे आणि जागा फार. एखाद्या मोठ्या इमारतीतील हजारभर नळ्या एकदम उतरल्या की खोली भरते. त्या चिरडल्या तर मात्र सगळ्या एका दोनशे लिटरच्या पिंपात मावतात. या साध्या हिशेबातून पिंपाच्या तोंडावर बसणारे चुरायंत्र निघाले. त्याची रचना अशी : एका तिरप्या नळकांड्यातून एकेक नळी आत सोडायची. आत वेगाने फिरणारे पाते किंवा साखळी तिचा चुरा करते आणि तो खालच्या पिंपात पडतो. हवा बाहेर फुटू नये म्हणून एक पंखा ती सतत आत खेचत असतो. ती खेचलेली हवा प्रथम धूळ अडविणाऱ्या गाळण्यांतून जाते आणि शेवटी सक्रिय कोळशाच्या थरातून.

हे दोन टप्पे का, ते समजून घेतले पाहिजे. धुळीचे गाळणे कितीही सूक्ष्म असले तरी ते कण अडविते. पाऱ्याची वाफ त्यातून आरपार जाते. ती पकडण्याचे काम कोळशाचे. कोळशाची शोषणाची शक्तीही मर्यादित असते. ती संपल्यावर यंत्र पूर्वीसारखेच चालते, पूर्वीसारखाच आवाज करते आणि पारा मात्र बाहेर जाऊ लागतो. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही आणि वास नाही, त्यामुळे उपकरणाने मोजल्याशिवाय ते कोणालाच कळत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या यंत्रांची परीक्षा घेऊन २००६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. चार यंत्रे चाचणीसाठी घेतली होती. त्यांपैकी एक इतके असमाधानकारक ठरले की ते मधेच वगळावे लागले. उरलेल्या तिघांनी हवेतील पारा बहुतेक वेळा कामगारांसाठी ठरविलेल्या मर्यादेच्या, म्हणजे घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या, आत ठेवला, पण नेहमी नव्हे. पाऱ्याची गळती पूर्णपणे कोणीच थांबवू शकले नाही. सर्वांत धोक्याचा क्षण पिंप बदलण्याचा ठरला, कारण तेव्हा भरलेल्या पिंपाचे तोंड उघडे पडते. यंत्र चालविणाऱ्याला प्रशिक्षण हवे, स्वतंत्र हवेशीर जागा हवी, श्वसनाचे साधन हवे आणि हवेची मोजणी हवी, हे त्यातून निष्पन्न झाले. अमेरिकेतील काही राज्यांनी अशा चुरण्यास परवानगीच दिलेली नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. चिरडणे म्हणजे विल्हेवाट नव्हे, ती केवळ वाहतुकीची सोय आहे. चुरा झाल्यावर त्यातून ॲल्युमिनियमच्या टोप्या, काच आणि भुकटी वेगवेगळी करावी लागते. भुकटी बंद भट्टीत तापवून पाऱ्याची वाफ करायची आणि ती थंड करून पारा परत मिळवायचा, तेव्हा कोठे काम पुरे होते. दुसऱ्या एका पद्धतीत नळीची दोन्ही टोके कापून हवेच्या झोताने भुकटी बाहेर काढतात, म्हणजे काच स्वच्छ राहते. जपानमध्ये होक्काइदो बेटावर इतोमुका येथे पाऱ्याची मोठी खाण होती. १९७० च्या दशकात ती बंद पडली आणि त्याच जागी पारायुक्त कचऱ्यावर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. देशभरातील विझलेल्या नळ्या तेथे येतात. ज्या डोंगरातून पारा काढला, त्याच डोंगरात तो परत पोचविण्याची ही व्यवस्था मला फार अर्थपूर्ण वाटते.

कायदा आणि बाजार

अमेरिकेत १९९० मध्ये कचऱ्यातून विष किती झिरपते हे ठरविण्याची नवी कसोटी आली. तीत बहुसंख्य नळ्या नापास झाल्या. उत्पादकांनी पारा कमी करण्याचा मार्ग धरला. १९८५ च्या सुमारास तेथील चार फुटी नळीत सरासरी ४८ मिलिग्रॅम पारा असे, १९९९ पर्यंत ते प्रमाण सुमारे १२ वर आले आणि पुढे आणखी घटले. ही खरी प्रगती होती. परंतु त्याबरोबरच, नळी कसोटीला उतरली म्हणजे ती सर्वसाधारण कचऱ्यात टाकायला मोकळीक, असाही अर्थ लावला गेला. नळीमागचा पारा घटत असताना नळ्यांची संख्या वाढतच होती, हे विसरले गेले. २००० सालापासून अमेरिकेने अशा दिव्यांसाठी सुटसुटीत स्वतंत्र नियम लागू केले. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने जुनी विद्युत उपकरणे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

बाजार आपोआप हा प्रश्न सोडवील, अशीही एक आशा होती. नव्या नळ्यांच्या भुकटीत इट्रियम, युरोपियम, टर्बियम ही दुर्मिळ मूलद्रव्ये असतात. २०१०-११ मध्ये त्यांचे भाव गगनाला भिडले, तेव्हा फ्रान्समध्ये २०१२ साली जुन्या नळ्यांच्या भुकटीतून ती परत मिळविण्याचा उद्योग सुरू झाला. पुढे भाव कोसळले आणि २०१६ मध्ये तो उद्योग गुंडाळण्याचे ठरले. भाव असेल तरच स्वच्छता, हा नियम टिकाऊ नाही, एवढे त्यावरून दिसले.

आपल्या देशातील प्रकरण

भारतात पाऱ्याच्या फुटक्या काचेचा प्रश्न सर्वांसमोर आला तो तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे. तेथील थर्मामीटरच्या कारखान्यातून निघालेली, पाऱ्याने माखलेली कित्येक टन काच गावातील भंगाराच्या वखारीत उघड्यावर सापडली. ही गोष्ट मार्च २००१ ची. कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा पुनर्प्रक्रियेसाठी अमेरिकेत पाठवावा लागला. माजी कामगारांशी तडजोड झाली ती २०१६ मध्ये. थर्मामीटर आणि नळदिवा या वस्तू वेगळ्या असल्या तरी फुटक्या काचेचा मार्ग एकच होता : कारखान्याचे किंवा कचेरीचे मागचे दार, तेथून भंगाराची वखार, तेथून कोणाचे तरी उघडे हात.

आपल्याकडे नळी बाद झाली की ती बहुधा कबाडीवाल्याकडे जाते. टोप्यांचे ॲल्युमिनियम आणि थोडीफार काच एवढेच त्याच्या दृष्टीने मोलाचे. ते मिळविण्यासाठी नळी फोडावी लागते आणि पांढरी भुकटी झटकावी लागते. हे काम करणाऱ्याला त्या भुकटीत काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. रामाझिनीच्या आरसेवाल्यांची आणि सेलमच्या कामगार स्त्रियांची कहाणी येथे पुन्हा भेटते. तेथे निदान कामगारांच्या नावांची कारखान्यात नोंद होती. येथे तीही नाही.

कायदाही उशिराच आला. २०११ च्या ई-कचरा नियमांत दिव्यांचा समावेश नव्हता. २००९ पासून विजेची बचत व्हावी म्हणून सरकारी योजनेतून सीएफएल दिवे घरोघर वाटले जात होते, त्यांतही पारा होता, पण ते परत गोळा करण्याची पुरेशी व्यवस्था त्यांच्या मागोमाग आली नाही. २०१६ च्या ई-कचरा नियमांनी पारायुक्त दिवे प्रथमच यादीत घेतले. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत सीएफएल आणि ट्यूबलाईट यांची नावे आली. २०२२ चे नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दरम्यान जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. म्हणजे नळदिव्याची विल्हेवाट लावण्याचा नियम आला, तेव्हा नळदिवा निघून जाऊ लागला होता.

जगानेही आता त्याचा निरोप घेण्याचे ठरविले आहे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. युरोपीय संघात सर्वसाधारण वापराच्या नळ्या बाजारात आणणे २०२३ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी जिनिव्हा येथे झालेल्या करारसदस्यांच्या परिषदेने सर्वसाधारण प्रकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्व नळदिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबविण्याचा निर्णय घेतला.

प्रमाणाचे भान

श्रोतेहो, आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणी घाबरून जाऊ नये. ताप मोजण्याच्या जुन्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असे. तेवढ्या पाऱ्यात अलीकडच्या पन्नासांहून अधिक नळ्या बनत. घरात एखादी नळी फुटली तर तो अनर्थ नव्हे. शिवाय या दिव्याने वाचविलेली वीजही हिशेबात धरली पाहिजे, कारण कोळसा जळतो तेव्हा त्यातूनही पारा हवेत जातो. नळदिव्याने आपली सेवा केली आहे. गरीब विद्यार्थ्याला थोड्या विजेत भरपूर उजेड दिला, त्याच्याशी कृतघ्न होण्याचे कारण नाही.

परंतु घरातील एक नळी आणि वखारीत रोज फुटणाऱ्या शंभर नळ्या यांत फरक आहे. न्यू जर्सीतील संशोधकांनी २००३ मध्ये असे दाखविले की फुटलेल्या नळीतील पाऱ्यापैकी १७ ते ४० टक्के भाग दोन आठवड्यांत हवेत जातो, आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश पहिल्या आठ तासांतच. तापमान वाढले की हे प्रमाण वाढते. त्यांचे प्रयोग सुमारे तीस अंशांपर्यंतच्या तापमानात झाले होते. माळव्यातील वैशाखाचे ऊन आपणां सर्वांना ठाऊक आहे.

आपण काय करावे

इंदूर शहराने २०१७ पासून स्वच्छतेत देशात अग्रक्रम मिळविला आणि टिकविला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. येथे दारावर येणाऱ्या गाडीत ओला आणि सुका कचराच नव्हे, तर घरगुती घातक कचरा आणि ई-कचरा यांसाठीही वेगळे कप्पे आहेत. घरातील एक-दोन नळ्यांची सोय त्यात होते. शाळेसारख्या संस्थेचा प्रश्न वेगळा. तेथे दिवे बदलण्याचे काम ठेकेदाराला दिले जाते, एका दिवसात शंभर-दीडशे नळ्या उतरतात आणि ‘जुने सामान उचलून न्या’ या चार शब्दांत त्यांचा निकाल लागतो. ते चार शब्द बदलले पाहिजेत.

नळ्या उतरविताना त्या फोडू नयेत. नव्या दिव्यांच्याच खोक्यांत त्या आडव्या, अखंड भराव्यात. मुलांचा वावर नसलेल्या, सावलीच्या, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि खोक्यावर आतील वस्तूचे नाव व संख्या लिहावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या प्रक्रियाकेंद्राकडे त्या सोपवून पावती घ्यावी आणि ती दप्तरी ठेवावी. दिवे बदलण्याच्या करारातच ही अट घालावी. कोणी चुरायंत्र घेऊन आला तर पारा कोठे जाणार, कोळशाचा थर कधी बदलला आणि भरलेले पिंप कोणाकडे जाणार, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. उत्तरे मिळाली नाहीत तर अखंड नळ्याच बऱ्या. पिशवीत घालून काठीने नळ्या चेचणे, किंवा मैदानावर त्या आपटून होणारा आवाज ऐकणे, हे दोन्ही वर्ज्य समजावे.

एखादी नळी फुटलीच तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात आणि दहा-पंधरा मिनिटे खोली मोकळी ठेवावी. केरसुणी लावू नये, तिने भुकटी उडते आणि केरसुणीही दूषित होते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, मग ओल्या कागदाने जागा पुसावी आणि हे सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे.

ही कामे लहान आहेत आणि त्यांना खर्चही फार नाही. त्यांत अडते ते एवढेच की विझलेल्या दिव्याकडे कोणाची जबाबदारी म्हणून पाहिले जात नाही. पेटविणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, उचलणाऱ्याचे राहत नाही. सेलमच्या कामगारांना आणि मिनामाताच्या कोळ्यांना ज्ञानाची किंमत मोजावी लागली, तेव्हा आपल्याला हे नियम मिळाले. ते आता ठाऊक असूनही आपण नळ्या कबाडात देऊ, तर अज्ञानाची सबब आपल्याला उरणार नाही. २०२७ नंतर नवे नळदिवे बनणार नाहीत, जुने मात्र आणखी काही वर्षे उतरत राहतील. आपल्या शाळेच्या दप्तरात जशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची आणि दाखल्याची नोंद असते, तशी या शाळेतून बाहेर गेलेल्या प्रत्येक नळीची नोंद असावी, एवढीच विनंती मी संस्थाचालकांना करतो. ही व्याख्यानमाला ज्यांच्या नावे चालते, त्यांच्या विज्ञाननिष्ठेला शोभेल असे ते एक काम होईल.